घरची चूल व शेताचे खत : स्वयंपाकाच्या साधनांची तुलना

शेतकऱ्याच्या घरात दिवसातून दोन वेळा चूल पेटते. तिला लागणारे जळण बहुधा बांधावरून, पिकांच्या अवशेषांतून किंवा गोठ्यातून येते. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या व गोवऱ्या ही सर्व शेतीचीच संपत्ती होय. तिच्यापैकी किती भाग चुलीत जातो आणि किती भाग जमिनीला परत मिळतो, यावर जमिनीचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो. म्हणून चुलीची निवड ही शेतीच्या हिशेबाचीच एक बाब समजली पाहिजे.

आज खेड्यातील गृहिणीपुढे अनेक साधने आहेत. मातीची चूल, निर्धूर चूल, गोबर गॅसची शेगडी, सिलिंडरचा गॅस, विजेची शेगडी व सूर्यचूल यांपैकी कोणते साधन घ्यावे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्यास एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. तथापि योग्य निवड कशी करावी, याची रीत सांगता येते. ती या लेखात दिली आहे.

तुलना कशी करावी

साधनाची तुलना करताना तीन हिशेब मांडावेत. पहिला जळणाचा, दुसरा खताचा व तिसरा घरातील स्त्रीच्या श्रमाचा आणि आरोग्याचा. पुष्कळ घरांत यांपैकी पहिलाच हिशेब होतो, आणि तोही अपुरा. सरपण विकत घेतले नाही म्हणजे ते फुकट पडले, असे समजण्यात येते. परंतु ते वेचण्यास व वाहून आणण्यास लागलेला वेळ, आणि गोवरीबरोबर जळून गेलेले खत, यांची किंमत कोणीही धरीत नाही.

पहिल्या हिशेबासाठी सर्वांना परिचित असे एक माप घेऊ. पाच लिटर पाण्याचे आधण ठेवावयाचे आहे व पाण्याचे तापमान प्रारंभी २५ अंश आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्यामुळे हे पाणी उकळीस, म्हणजे १०० अंशांवर आणण्यास ३७५ किलोकॅलरी उष्णता भांड्यात पोचली पाहिजे. चूल कोणतीही असो, ही गरज बदलत नाही. फरक पडतो तो जळणातील उष्णतेपैकी किती भाग भांड्याला मिळतो व किती वाया जातो, यात. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत सुमारे दहावा हिस्सा उष्णताच भांड्याला लागते. उरलेली ज्वालेबरोबर बाजूने निघून जाते, चुलीच्या भिंतीत मुरते, किंवा अर्धवट जळलेल्या धुराच्या रूपाने नष्ट होते.

निरनिराळ्या साधनांवर हे एकच आधण आणण्यास लागणारे जळण हिशेबाने पुढीलप्रमाणे येते.

तक्ता : पाच लिटर पाणी उकळण्यास लागणारे जळण

साधी चूल, गोवऱ्या (उपयोगी उष्णता शेकडा १०) : सुमारे १ किलो ८०० ग्रॅम
साधी चूल, वाळलेले सरपण (शेकडा १०) : सुमारे १ किलो ७० ग्रॅम
सुधारलेली चूल, वाळलेले सरपण (शेकडा २५) : सुमारे ४३० ग्रॅम
वातीचा स्टो, रॉकेल (शेकडा ६०) : सुमारे ६० ग्रॅम
सिलिंडरचा गॅस (शेकडा ६८) : सुमारे ५१ ग्रॅम
गोबर गॅस (शेकडा ५५) : सुमारे १४५ लिटर
विजेची तारेची शेगडी (शेकडा ७०) : सुमारे ०.६२ युनिट
विजेची इंडक्शन शेगडी (शेकडा ८५) : सुमारे ०.५१ युनिट

हे आकडे काढताना सरपणाच्या एका किलोत ३,५०० किलोकॅलरी, गोवरीत २,१००, सिलिंडरच्या गॅसमध्ये १०,९०० आणि गोबर गॅसच्या एका घनमीटरमध्ये ४,७०० किलोकॅलरी उष्णता धरली आहे. प्रत्यक्षात वारा, भांड्याचा आकार, झाकण व जळणाचा ओलावा यांनुसार त्यांत कमीअधिक फरक पडेल. तरीही साधनांचा परस्परांतील क्रम बहुधा बदलणार नाही.

आता यास किंमत लावून पाहू. समजा, १४.२ किलोचे सिलिंडर ८५० रुपयांस पडते, वीज ६ रुपये युनिट आहे आणि सरपण ८ रुपये किलो आहे. तर वरील आधणास सिलिंडरचा गॅस सुमारे ३ रुपयांचा लागेल. इंडक्शन शेगडीलाही वीज जवळजवळ तेवढ्याच किमतीची लागेल. सुधारलेल्या चुलीत सुमारे साडेतीन रुपयांचे सरपण जळेल. साध्या चुलीत मात्र साडेआठ रुपयांचे सरपण लागेल. आपल्या गावचे भाव निराळे असल्यास ते घालून वाचकांनी स्वतः हा हिशेब करावा. विकत घेतलेले सरपण साध्या चुलीत जाळणे हा बहुधा सर्वांत महाग स्वयंपाक ठरतो, हे त्यावरून ध्यानात येईल.

साधी चूल व गोवऱ्या

साध्या चुलीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ती घरच्या मातीत घडते, तीत कोणतेही जळण चालते, आणि तिच्या निखाऱ्यांवर भाकरी चांगली फुगते. परंतु तिच्यात गोवऱ्या जाळण्याने होणारी हानी मोठी आहे.

ताज्या शेणात सुमारे शेकडा ८० भाग पाणी असते. त्यामुळे वर सांगितलेल्या १ किलो ८०० ग्रॅम गोवऱ्या थापण्यास सुमारे आठ किलो ताजे शेण लागते. गोवरी जळाली म्हणजे शेणातील सेंद्रिय द्रव्य व नत्र ही दोन्ही नष्ट होतात. मागे राहिलेल्या राखेत पालाश व थोडे स्फुरद तेवढे उरते. तेच आधण गोबर गॅसवर आणावयाचे असल्यास १४५ लिटर वायू लागतो. एक किलो ताज्या शेणापासून साधारणतः ४० लिटर वायू मिळत असल्याने त्यासाठी केवळ साडेतीन ते पावणेचार किलो शेण पुरते. शिवाय वायू निघून गेल्यावर नत्र मळीत शिल्लक राहते व ती मळी शेतात घालता येते. तात्पर्य, निम्म्याहून कमी शेणात तेवढाच स्वयंपाक होतो आणि खतही हातचे जात नाही.

निर्धूर चूल

धुरापासून गृहिणीची सुटका करण्याचे प्रयत्न जुने आहेत. वर्धा येथील मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबाद येथील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. देशभर चुली बांधल्या गेल्या. परंतु धुराडी साफ न झाल्याने व भेगा न लिंपल्याने त्यांपैकी अनेक चुली लवकरच निकामी झाल्या. या अनुभवातून दोन धडे घेण्यासारखे आहेत.

पहिला असा की, धूर बाहेर जाणे व सरपण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुराडे धूर घराबाहेर नेते. परंतु त्याची ओढ प्रमाणाबाहेर असल्यास ज्वाला भांड्याखाली न थांबता धुराड्यात ओढली जाते व सरपण अधिक लागते. सरपणाची बचत होते ती चुलीच्या पोटाचा आकार, हवेची वाट व भांडे यांचा मेळ बसल्याने. म्हणून चूल अंदाजाने न बांधता प्रशिक्षित कारागिराकडून, ठरलेल्या साच्याने व मापाने बांधून घ्यावी.

दुसरा धडा देखभालीचा होय. पुढील बाबी नियमाने पाळाव्यात.

१. धुराड्यातील काजळी महिन्यातून एकदा तरी काढावी.
२. धुराड्याचे तोंड छपराच्या वर निदान दोन फूट असावे व त्यावर पावसापासून बचावासाठी टोपी बसवावी.
३. वैलावर भांडे नसेल तेव्हा ते झाकून ठेवावे. उघड्या वैलातून धूर घरात शिरतो.
४. चुलीस भेग पडताच ती शेणमातीने लिंपावी.
५. जळण मनगटाहून जाड नसावे व पूर्ण वाळलेले असावे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते पाणी उडविण्यातच पुष्कळ उष्णता खर्ची पडते.

बाजारात मिळणाऱ्या सुट्या सुधारलेल्या चुलींसाठी भारतीय मानक ठरलेले आहे. साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीची उष्णता-उपयोगिता शेकडा २५ व पंख्याच्या चुलीची शेकडा ३५ यांहून कमी असू नये, असे त्यात सांगितले आहे. विकत घेताना मानकाचे चिन्ह पाहावे.

गोबर गॅसची शेगडी

ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्यांनी सर्वप्रथम या साधनाचा विचार करावा. शेणापासून वायू काढण्याचे पद्धतशीर प्रयोग आपल्या देशात १९३९ पासून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत सुरू झाले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगाव नेले. १९८४ मध्ये पुढे आलेले विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र त्या मानाने कमी खर्चाचे आहे व त्यात गंजणारी लोखंडी टाकी नसते.

दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. गोठ्यात बांधून असलेल्या चार-पाच मोठ्या जनावरांपासून इतके शेण मिळते. जनावरे दिवसभर चरावयास जात असतील तर शेणाचा काही भाग रानातच पडतो, हे लक्षात घेऊन संयंत्राचे माप ठरवावे. शेण कमी व संयंत्र मोठे अशी स्थिती झाली म्हणजे वायू अपुरा पडतो आणि दोष मात्र संयंत्राला दिला जातो.

एका माणसाच्या स्वयंपाकास दिवसाला पाव घनमीटर किंवा थोडा अधिक वायू लागतो. पाच माणसांच्या घरास दीड घनमीटरपर्यंत पुरे होतो. ताशी ४५० लिटर वायू घेणारी शेगडी दोन घनमीटरवर चार तासांहून थोडी अधिक चालते. उष्णतेच्या दृष्टीने रोजचा दोन घनमीटर वायू हा महिन्याला सुमारे २६ किलो सिलिंडरच्या गॅसइतका, म्हणजे पावणेदोन सिलिंडरांहून अधिक होतो.

संयंत्र पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, उन्हात व गोठ्याजवळ असावे. थंडीत वायू कमी सुटतो. अशा दिवसांत कोमट पाण्यात शेण कालवावे. नळीत साचणारे पाणी वेळोवेळी काढून टाकावे, नाहीतर ज्योत थरथरते. सिलिंडरच्या गॅसची शेगडी या वायूवर नीट पेटत नाही. त्यासाठी मोठ्या छिद्राची स्वतंत्र शेगडीच घ्यावी.

सिलिंडरचा गॅस

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गरीब कुटुंबांतही गॅसची जोडणी मोठ्या प्रमाणावर पोचली. हे साधन झटपट पेटते, धूर करीत नाही व ज्योत हवी तशी कमीअधिक करता येते. अडचण आहे ती एकरकमी पैशाची. सरपण रोज थोडे थोडे येते, सिलिंडरची किंमत मात्र एकाच दिवशी द्यावी लागते. पिकाचा पैसा हाती येईपर्यंत सिलिंडर रिकामे राहते व घरात पुन्हा चूल पेटते. यासाठी दूध किंवा भाजीपाल्याच्या उत्पन्नातून दर आठवड्यास ठरावीक रक्कम बाजूला टाकावी.

हा वायू हवेपेक्षा जड असून गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा खोलगट जागी ठेवू नये. ते उभे ठेवावे व शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर असावी. पेटती चूल त्याच खोलीत असू नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडर बंद करावे व विजेच्या बटनास हात लावू नये.

रॉकेल व कोळसा

वातीचा व पंपाचा स्टो एके काळी घरोघरी होता. आता रॉकेल पूर्वीसारखे सहज मिळत नाही, त्यामुळे नव्याने स्टो घेणे हितावह नाही. कोळशाच्या शेगडीविषयी एक सूचना अवश्य लक्षात ठेवावी. तिचा धूर दिसत नसला तरी तिच्यातून विषारी वायू सुटतो. थंडीत दारे लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपणे प्राणावर बेतू शकते.

विजेची शेगडी व सूर्यचूल

इंडक्शन शेगडीत उष्णता भांड्याच्या बुडातच उत्पन्न होते, म्हणून ती फारशी वाया जात नाही. परंतु तिच्यावर लोखंडाचे किंवा चुंबक चिकटेल अशा पोलादाचे, सपाट बुडाचे भांडेच चालते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम व माती यांची भांडी चालत नाहीत. भांडी घेताना लोहचुंबक बरोबर न्यावा. या शेगड्या २,००० वॉटपर्यंत वीज घेतात, म्हणून जाड तारेचा, भू-जोडणी असलेला मोठा खटका हवा. शेतावरील वस्तीला वीज ठरावीक तासच मिळत असेल तर सर्व भार या शेगडीवर टाकू नये.

पेटीच्या सूर्यचुलीत कडक उन्हात दोन-तीन तासांत वरण-भात शिजतो. तिला जळण लागत नाही व अन्न करपत नाही. फोडणी व भाकरी मात्र तिच्यावर होत नाहीत आणि पावसाळ्यात ती निरुपयोगी ठरते. सकाळी डाळ-तांदूळ ठेवून शेतावर जाणाऱ्या घरास ती उत्तम जोडसाधन आहे.

धूर व आरोग्य

तिसरा हिशेब धुराचा. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी किर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर प्रत्यक्ष मोजला. तेव्हापासून या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. हवेतील अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. साधी चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण अनेक शेकड्यांवर जाते. घरातील अशा धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. दमा, फुप्फुसांचे जुनाट विकार, मोतीबिंदू व लहान मुलांतील न्यूमोनिया यांच्याशी धुराचा संबंध आढळून आला आहे.

फुंकणी हाती धरणारी स्त्री आणि तिच्या मांडीवरील मूल यांना हा धूर सर्वांत अधिक लागतो. साधनाचा खर्च ठरविणारा पुरुष बहुधा त्या वेळी घराबाहेर असतो. म्हणून कोणतेही साधन घेण्यापूर्वी ते वापरणाऱ्या गृहिणीचे मत प्रथम घ्यावे.

भाकरी व आंघोळीचे पाणी

गॅस आला तरी चूल विझत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. त्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. एक भाकरी व दुसरे आंघोळीचे पाणी.

भाकरी तव्यावर भाजून शेवटी उघड्या विस्तवावर फुगवावी लागते. सिलिंडरच्या किंवा गोबर गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून ती चांगली फुगते. इंडक्शन शेगडीवर उघडी ज्योत नसल्याने भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून भाजावी लागते. ज्या घरात रोज भाकरी होते, तेथे केवळ विजेच्या शेगडीवर भागणे कठीण आहे.

पाण्याचा भार अधिक मोठा आहे. पाच माणसांना प्रत्येकी १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास १,५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वर घेतलेल्या आधणासारखी चार आधणे झाली. साध्या चुलीत त्यासाठी रोज चार किलोंहून अधिक सरपण जाते. हे काम स्वयंपाकघरातून बाहेर काढावे. अंगणात, छपराखाली धुराडे असलेला बंब किंवा सुधारलेली चूल बसवावी आणि तिच्यात चिपाडे, बुरकुंडे व पऱ्हाट्या जाळाव्यात. ऐपत असल्यास सूर्यबंब घ्यावा. एवढ्या एका बदलाने स्वयंपाकघरातील पुष्कळसा धूर कमी होतो.

घरच्या घरी पडताळा

आपली चूल किती सरपण खाते, हे कोणासही मोजता येईल. वाळलेले सरपण तराजूत तोलून पाच किलोची मोळी बांधावी. झाकणाच्या पातेल्यात पाच लिटर पाणी मोजून घ्यावे व चूल पेटवावी. पाण्यास खळखळून उकळी येताच जाळ विझवून उरलेले सरपण तोलावे. निखारेही विझवून, पाणी न मारता, वेगळे तोलावेत. किती सरपण खर्ची पडले ते लिहून ठेवावे. असे तीन दिवस करून सरासरी काढावी व तक्त्याशी ताडून पाहावी. गावातील महिला मंडळाने किंवा बचत गटाने दोन-तीन प्रकारच्या चुलींवर हा प्रयोग एकत्र केल्यास सर्वांचीच खात्री पटेल.

सारांश

१. चार-पाच जनावरे गोठ्यात असलेल्या घराने गोबर गॅसला पहिली पसंती द्यावी. त्यात जळण व खत दोन्ही मिळतात.
२. जनावरे कमी असल्यास सिलिंडरचा गॅस मुख्य साधन ठेवावे. वीज भरवशाची असल्यास इंडक्शन शेगडीची जोड द्यावी.
३. सरपणावाचून गत्यंतर नसेल तेथे मापाने बांधलेली, धुराड्याची सुधारलेली चूलच वापरावी.
४. आंघोळीचे पाणी स्वयंपाकघराबाहेर तापवावे.
५. साधन कोणतेही असो, भांड्यावर झाकण ठेवावे, डाळी व कडधान्ये भिजवून शिजवावीत, दाबाचा कुकर वापरावा आणि अन्नास उकळी येताच जाळ कमी करावा.
६. गोवऱ्या थापणे होता होईल तो बंद करावे. शेण गोठ्यातून संयंत्रात किंवा खतखड्ड्यात व तेथून शेतात जावे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला म्हणजे आजवर फुकट वाटलेल्या जळणाची खरी किंमत कळून येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी सरपण भरून ठेवण्याच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने तो जरूर मांडावा व मगच किती मोळ्या रचावयाच्या ते ठरवावे.